तिसऱ्या कमानीची संमती

संमती कोणी दिली, हा प्रश्न ताईने सगळ्यांसमोर मांडला तो रविवारी सकाळी अकरा वाजता. तिच्या मनात मात्र त्याचं उत्तर बुधवारपासूनच तयार होतं. फक्त ते रोज बदलत होतं.

बुधवारी नगरपालिकेच्या पुलाच्या कचेरीतून पत्र आलं. जुन्या रेल्वेपुलावरून शेवटची गाडी गेली त्याला सव्वीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं तो नुसता उभा होता, दगडांच्या सांध्यांत गवत उगवून. गेल्या वर्षभरात त्याच्यावरचे रूळ निघाले, कठडे उंच झाले, आणि लोक तिथे चालायला आणि सायकली फिरवायला जाऊ लागले. वर चढायची सोय मात्र दोन्ही टोकांनाच होती. म्हणून मधेच एक लिफ्ट आणि जिना काढायचं ठरलं, आणि त्यासाठी जी जागा निवडली ती तिसरी कमान, म्हणजे ताईचं काचेचं दुकान. पत्रात आधी आभार मानले होते. कमान क्रमांक तीनच्या हक्कदारांची लेखी संमती मिळाली आहे, तरी जागा महिनाअखेर रिकामी करावी, असं पुढे लिहिलं होतं.

ताईने पत्र तीनदा वाचलं. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांच्यामागे दोघंच, ती आणि धाकटा भाऊ बापू. तिने सही केली नव्हती. मग राहिला कोण?

हे दुकान अण्णांनी पुलाखाली थाटलं तेव्हा लोक तोंडावर हसले होते. डोक्यावर आगगाडी आणि खाली काच, असा धंदा कोण करतो? पण अण्णांनी एकेका तावदानाखाली जुन्या टायरचे तुकडे घातले, भिंतीला टेकवलेल्या काचांमध्ये गोणपाट कोंबलं, आणि गाड्यांचं वेळापत्रक फळ्यावर लिहून ठेवलं. गाडीच्या दोन मिनिटं आधी काच कापायची हिरकणी खाली ठेवायची, गाडी गेली की पुन्हा उचलायची. गाड्या धावत होत्या तोवर पुलामुळे एकही काच तडकली नाही, असं अण्णा सांगायचे. ताईने पंधराव्या वर्षी हिरकणी हातात घेतली ती आजतागायत खाली ठेवली नव्हती. लग्न, संसार यांच्या गोष्टी निघाल्या आणि विरल्या. आता ती चोपन्न वर्षांची होती, आणि तिला ज्या जागेत डोळे मिटून वावरता येत होतं, अशी जगात ती एकच जागा होती.

बुधवारी संशय बापूवर होता. बापूचं बाजारपेठेत चौकटींचं दुकान, तसबिरी मढवून द्यायचं. तो सहसा कमानीत फिरकत नसे. पण पंधरा दिवसांपूर्वी तो उगाच येऊन गेला होता. बोलता बोलता मान वर करून कमानीचं छत बघत राहिला, आणि ओल येते का गं, असं विचारून चहा न घेता निघून गेला. गुरुवारी झाडताना ताईला भिंतीच्या कोपऱ्यात गुडघाभर उंचीवर खडूची एक बारीक फुली दिसली. दुसरी फुली समोरच्या भिंतीवर होती. तेव्हा तिचा संशय भाचीकडे वळला. बापूची ही मुलगी लहानपणापासून घरातली टेबलं-खुर्च्या टेपने मोजत फिरायची, म्हणून तिला सगळे मोजणीबाई म्हणत, आणि आता खरोखरच मोजणीचंच काम करत होती. कुणासाठी करत होती, तर पुलाच्याच कचेरीसाठी. शुक्रवारी ताईला आठवलं, की भावजयीने गेल्या महिन्यात दोनदा तिच्या खोकल्याची चौकशी केली होती. काचेची धूळ वाईट असते, किती दिवस करणार आहात, असं म्हणाली होती. आतापर्यंत ताईने ती माया समजली होती. आता तिला त्यात डाव दिसायला लागला.

त्याच दिवशी ती दुकान कारागिरावर सोपवून कचेरीत जाऊन आली. सही कुणाची आहे ते मला दाखवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिथल्या कारकुनाने फाइल साहेबांच्या कपाटात आहे, साहेब बाहेरगावी आहेत, सोमवारी या, असं सांगितलं. तो हे सांगताना तिच्याकडे बघत नव्हता, हेही तिने मनात टिपून ठेवलं. सोमवारपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती. तिने सगळ्यांना रविवारी दुकानातच बोलावलं.

शटर अर्धं खाली ओढून ताईने मोठ्या कापणीच्या टेबलाभोवती स्टुलं मांडली. बापू आला, भावजय आली, मोजणीबाई आली. आत्या नेहमीच्या जागी खिडकीपाशी लांबी मळत बसली होती. खडूची पूड आणि जवसाचं तेल एकत्र करून काच बसवायची लांबी मळायची, हे काम चाळीसेक वर्षं आत्याचंच होतं. अण्णांची ही धाकटी बहीण नवऱ्याने टाकल्यापासून त्यांच्याच आधाराने राहिली, आणि अण्णांनंतर ताईच्या. मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत दोघी राहत. रविवारीही तिला स्वस्थ बसवत नसे. तिला या बैठकीत बोलावलं होतं असं नाही. ती होतीच.

ताईने पत्र वाचून दाखवलं आणि घडी घालून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "मी सही केलेली नाही. ज्याने केली असेल त्याने आत्ताच सांगावं. सोमवारी मला ते कचेरीतून कळणारच आहे, पण परक्याच्या तोंडून कळायला नको."

डोक्यावरून सायकलीची घंटी वाजत गेली. ताई भावाकडे बघत राहिली. लहानपणापासून खोटं लपवताना बापू कानाची पाळी चोळायचा, आणि आत्ताही त्याचा हात कानाकडे निघाला होता.

शेवटी त्याने सांगून टाकलं. सही त्याने केलेली नव्हती, पण कचेरीत तो गेला होता. एकदा नाही, तीनदा. लिफ्ट होणार हे कळल्यावर खाली भाड्याच्या सायकली ठेवायला जागा मिळेल का, हे त्याने इंजिनियरला विचारलं होतं. दुकान आज ना उद्या जाणारच आहे, मग तिथे आपल्याच घरातलं कोणी उभं असलेलं काय वाईट, असं त्याचं म्हणणं. ताईला तो वेळ आली की सांगणारच होता.

यावर ताईच्या आधी भावजय उसळली. ती शाळेत मास्तरीण होती, आणि आवाज न चढवता समोरच्याला उभं करायची तिला सवय होती. ते तीन दिवस कोणते, असं तिने विचारलं. बापूने सांगितल्यावर ती म्हणाली, की त्या तिन्ही दिवशी हे दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून घरातून निघाले होते. दुखऱ्या दाढेसाठी मी रोज पातळ खिचडी करून घालत होते. बापूने दाढही खरंच दुखत होती असं सांगून पाहिलं, पण तिने आपलं स्टूल उचललं आणि टेबलाला वळसा घालून ताईच्या शेजारी आणून ठेवलं. ताईला ते बरं वाटलं. पण लगेच वाटलं, ही इकडे आली ती माझ्यासाठी, की नवऱ्यावरच्या रागाने? आणि खोकल्याची ती चौकशी?

आता राहिली मोजणीबाई. खडूच्या फुल्या तिच्याच का, असं ताईने सरळ विचारलं. तिनेही सरळ हो म्हटलं. नकाशा तिच्याच हाताने झाला होता. तिसरी कमानच का, तर तिथला दगड सर्वांत भक्कम आहे आणि वर पुलाला रुंदी आहे. कचेरीतली गोष्ट घरात बोलायची नाही असा नियम असल्याने ती गप्प राहिली होती. नकाशा काढल्यापासूनच्या दोन महिन्यांत आपल्याला नीट झोप लागली नव्हती, हेही तिने सांगितलं.

"मग सही तुझ्या बापाची नाही कशावरून?" ताई म्हणाली. "त्याला वाचवायला तू काहीही सांगशील."

सही मोजणीबाईने पाहिली नव्हती. पण फाइलीच्या पुठ्ठ्यावर हक्कदाराचं नाव लिहिलेलं असतं, त्यातलं आडनाव तिने एकदा ओझरतं पाहिलं होतं. "आडनाव आपलं नव्हतं, आत्या," ती ताईला म्हणाली. भाची या नात्याने ती ताईला आत्या म्हणे, आणि म्हाताऱ्या आत्याला आजी. "मला वाटलं, दुसऱ्याच कमानीची फाइल असेल. पण क्रमांक तीनच होता."

हे ऐकल्यावर खोलीतली हवाच बदलली. आपल्या जागेवर परक्याचं नाव आहे म्हणजे कोणीतरी ती केव्हाच परस्पर दुसऱ्याच्या घशात घातली आहे. बापूचा कानावरचा हात खाली आला आणि तो पहिल्यांदाच बहिणीकडे रोखून बघायला लागला. दुकान कोण चालवतं, कागद कोणाच्या कपाटात आहेत, अण्णा गेल्यावर किल्ली कोणाकडे आली, असं तो एकेक विचारू लागला. बहिणीने सगळ्यांना कोर्टात उभं केल्यासारखं बोलावलं, ते स्वतःचं झाकायला तर नाही ना, असंही म्हणाला. भावजयीचं स्टूल ताईपासून वीतभर सरकलं. तिला स्वतःला ते कळलंही नसेल. ताईला कळलं.

"आडनाव माझं आहे, सासरचं," आत्या म्हणाली. घरात ते इतक्या वर्षांत कोणी उच्चारलंच नव्हतं.

तिने मळलेल्या लांबीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला आणि बोटं पुसत सांगितलं, की सहीही तिचीच आहे. महिन्यापूर्वी ती स्वतः चालत कचेरीत जाऊन करून आली होती. कारकुनाला तिनेच विनवलं होतं, की घरचं कोणी आलं तर लगेच सांगू नका, मला आधी सांगू द्या. आणि मग तिला सांगायचा धीर झाला नव्हता.

पहिल्यांदा कोणाचा विश्वासच बसेना. बापूला तर हसू आलं. आत्याचा या जागेशी संबंध काय? तेव्हा आत्याने समजावून सांगितलं, जसं लहान मुलांना सांगावं तसं. पुलाखालच्या कमानी त्या काळी रेल्वेच्या नोकरांनाच मिळत. अण्णा रेल्वेत नव्हते. आत्याचे यजमान होते, सिग्नलवर. भाडेपट्टा त्यांच्या नावाने झाला होता. ते नसले तर त्यांची बायको जोवर इथे राहते तोवर जागा तिची, आणि ती गेली की जागा परत रेल्वेची. पुढे रेल्वे बंद झाली, कमानी नगरपालिकेकडे गेल्या, पण नियम तोच राहिला. दर वर्षी एक कागद येई आणि अण्णा त्यावर आत्याची सही घेत. अण्णा गेल्यावर ताई घेत होती.

ताईला तो कागद आठवला. अण्णांनी आजारपणात सांगितलं होतं, की जूनमध्ये एक कागद येतो, त्यावर आत्याची सही घ्यायची आणि पाठवून द्यायचा. साक्षीदाराची सही असेल असं धरून ती नऊ वर्षं तो आत्यापुढे ठेवत होती. वाचला एकदाही नव्हता. रोज हजार काचा मोजून मापून कापणारी बाई, पण तो कागद तिने कधी वाचला नाही, आणि का वाचला नाही, हे आत्ता या क्षणी तिला स्वतःलाच सांगता येईना.

बापू आता खरोखर चिडला. अण्णांनी तुला जन्मभर सांभाळलं, नवऱ्याने टाकलेली बहीण म्हणून कधी उणं पडू दिलं नाही, आणि तू त्यांचंच दुकान आमच्या पायाखालून काढून दिलंस, असं तो म्हणाला.

"त्यांनी मला टाकलं नव्हतं," आत्या म्हणाली.

आणि चव्वेचाळीस वर्षांत जे ती बोलली नव्हती ते तिने बोलून टाकलं, फारसा आवाज न चढवता. यजमानांची लांबच्या स्टेशनावर बदली झाली होती. सामान पुढे गेलं होतं. गाडी पुलाच्या पलीकडच्या जंक्शनवरून साडेपाचला सुटणार होती. ते चार वाजता तिला न्यायला येणार आणि दोघं पुलावरूनच चालत जाणार, असं ठरलं होतं, सिग्नलवाल्यांना तेवढी मुभा असे. ती गेली असती तर जागा गेली असती. अण्णांनी नुकताच मोठा काचमाल आणून ठेवला होता. अण्णा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. मागच्या खोलीतून आरशाची काच दे म्हणाले, आणि ती आत गेल्यावर त्यांनी बाहेरून कडी घातली.

सगळ्यांचे डोळे मागच्या खोलीच्या दाराकडे गेले. त्या खोलीत काचेचे मोठे ताव उभे करून ठेवत. दाराची लोखंडी कडी रोजच्या वापराने चकचकीत झाली होती.

"मी दार वाजवलं," आत्या म्हणाली. "पण वरून चार वाजून पाचची मालगाडी जात होती. ती लांबलचक असायची. ती गेली तोवर ते येऊन गेले होते. दुकानात कोणीतरी त्यांना सांगितलं, की मला यायचं नाही."

"कोणी सांगितलं?" भावजयीने विचारलं. "अण्णांनी?"

"अण्णा पुढे नव्हते. ते माझ्या दाराशी उभे होते." आत्याने फडक्यातला गोळा उगाच पुन्हा उघडून पाहिला. "कोण होतं ते आता आठवत नाही."

ताईचे हात टेबलाच्या कडेवर होते आणि ते तसेच राहिले.

बाकीचे प्रश्न इतरांनी विचारले. मग नंतर का गेला नाहीत? नंतर त्यांचं पत्र आलं, आत्या म्हणाली. तुझा निरोप मिळाला, मी जोर करणार नाही, असं त्यात होतं. तिने उत्तर लिहिलं आणि टपालात टाकायला अण्णांकडे दिलं. अशी चार लिहिली. चौथ्यानंतर आपलं टपाल कुठपर्यंत जातं हे तिला कळलं. पुढे तिकडे त्यांनी दुसरा संसार मांडल्याचं ऐकलं, आणि अकरा वर्षांपूर्वी ते गेल्याचंही. पण जागा सोडल्याचं त्यांनी रेल्वेला कधी कळवलं नाही. कळवलं असतं तर दुकान आणि त्याबरोबर तिचा आधार गेला असता, म्हणून. तिला मनापासून वाटे, की कारण तेच असावं.

मोजणीबाई रडायला लागली होती. बापू उठून मागच्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभा राहिला, पण त्याने त्याला हात लावला नाही. थोड्या वेळाने तो परत आला आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, की चौकटींच्या दुकानामागे रिकामी पडवी आहे, काचा तिथे मावतील. त्याच्या दृष्टीने प्रश्न तिथे संपला होता. माणसं घरी गेली. निघताना भावजय ताईजवळ थांबून म्हणाली, की मनाला लावून घेऊ नका, तुमचा यात काय दोष? ताईने तिच्याकडे पाठ करून शटर वर ढकललं.

कारण कोणीतरी म्हणजे कोण, ते तिला माहीत होतं.

तेव्हा ती दहा वर्षांची होती. अण्णांनी तिला पुढे बसवून ठेवलं होतं आणि एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. आतोबा येतील, त्यांना एवढंच सांगायचं. आतोबा आले, वाकून तिच्या गालाला हात लावून त्यांनी विचारलं, तुझी आत्या कुठंय गं? आणि ती शाळेत कविता म्हणावी तशी म्हणाली, आत्या म्हणते, मला यायचं नाही, तुम्ही एकट्याने जा. वरून मालगाडी जात होती, म्हणून तिला ते दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ती जरा मोठ्याने म्हणाली.

हे ती विसरली नव्हती. कधी मनात आलंच तर आत्याला त्या दिवशी बरं नव्हतं, असं ती स्वतःला सांगायची. अण्णांनी तिला तेच सांगितलं होतं.

प्रश्न एवढाच होता, की आत्याला ठाऊक आहे की नाही. आठवत नाही म्हणताना ती खरं बोलत होती, की ताईला वाचवत होती, की सगळ्यांसमोर न बोलता तिला दाखवून देत होती? आठवडाभर ताईने एकेकाच्या तोंडाकडे संशयाने बघितलं होतं. आता दुपारभर, भांडी घासताना, दोरीवरचे कपडे काढताना, ती एकाच तोंडाकडे बघत राहिली, आणि त्यावर तिला काही म्हणजे काही वाचता येईना.

चार वाजता आत्याने पायात चपला घातल्या आणि मी पुलावर जाऊन येते म्हणाली. मीही येते, असं ताई म्हणाली. आत्याने नको म्हटलं नाही.

जुन्या स्टेशनाच्या बाजूने चढ होता. वर पोहोचल्यावर ताईने कठडा धरला. जन्म पुलाखाली गेला, पण पुलावर ती आज प्रथमच पाऊल ठेवत होती. मधोमध पिवळी रेघ, एका बाजूने चालणारे, दुसऱ्या बाजूने सायकली. कठड्यावरून खाली पाहिलं तर छपरं, गच्च्या, वाळत घातलेल्या चादरी. तिसऱ्या कमानीवरून जाताना आपलं दुकान आपल्या पायाखाली आहे हे तिला नुसतं मनाने समजलं, दिसलं काहीच नाही. पुढे वस्ती संपून दरी सुरू झाली आणि वारा लागायला लागला.

आत्या अडुसष्ट वर्षांची, पण पावलं एकसारखी टाकत होती. निम्मा पूल मागे पडला. शेवटी ताईलाच राहवेना. "तुला खरंच आठवत नाही का," ती म्हणाली, "दुकानात कोण होतं ते?"

आत्या चालत राहिली. "दाराला खाली फट होती," ती म्हणाली. "मी जमिनीवर आडवी होऊन बघत होते. पायात तुझ्या तांबडे बूट होते. त्यांनीच आणलेले."

ताई थांबली. आत्याही दोन पावलं पुढे जाऊन थांबली.

"मी दहा वर्षांची होते, आत्या."

"होतीस. त्याबद्दल माझं तुझ्याशी काही भांडण नाही." आत्याने वाऱ्याने उडणारे केस कानामागे सारले. "पण मग तू वीस वर्षांची झालीस. मग चाळीसची झालीस. अण्णा गेले तेव्हा पंचेचाळीसची होतीस. आपण दोघी एका खोलीत झोपत होतो. मी रोज वाट बघायचे, की आज बोलेल. अण्णा गेल्यावर तर मला वाटलंच होतं. तू जूनमध्ये कागद घेऊन आलीस आणि म्हणालीस, इथे सही कर."

एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांच्या बाजूने गेला. ताईला पुष्कळ काही सांगायचं होतं. की तिला खरंच कळलं नव्हतं. की अण्णा तिच्यासाठी काय होते. की तिने आत्याच्या आजारपणात रात्री जागवल्या होत्या. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि मनातल्या मनात बोलून बघताच तिला प्रत्येकात कमान राखायच्या सबबीचा वास यायला लागला. म्हणून ती एवढंच म्हणाली, "मी त्यांना खोटं सांगितलं. तू तसं म्हणाली नव्हतीस."

"नव्हते म्हणाले," आत्या म्हणाली.

मग ती पुन्हा चालायला लागली आणि ताई तिच्या मागोमाग. पलीकडच्या टोकाला पोहोचायला अठरा मिनिटं लागली होती. जंक्शनच्या जागी आता मोकळं मैदान होतं, दोन-चार बाकं, पाण्याचा नळ. आत्या नळाचं पाणी ओंजळीने प्यायली आणि एका बाकावर बसली. तिथून पलीकडचे रस्ते दिसत होते, घरं, एक बस वळण घेत होती. ती ते सगळं एकेक करून बघत होती. चेहऱ्यावर दुःख नव्हतं आणि समाधानही नव्हतं. दूरच्या एखाद्या गावी पोहोचल्यावर आपण ते जसं नीट बघतो तसं ती बघत होती.

ताई शेजारी टेकणार, इतक्यात आत्या म्हणाली, "तू जा आता. मी बसते."

अंधार पडेल, गुडघे दुखतील, परत येताना उतार आहे, एकटी कशी येशील, असं सगळं ताईच्या ओठांवर आलं. त्याच्याही मागे, सगळ्यात खोल, एक जुना संशय उभा राहिला. ही परत येईल ना? तिच्या लक्षात आलं, की अण्णांनीही तिला बहुधा याच भीतीने कोंडलं असेल. ती काही न विचारता वळली.

परतीच्या वाटेवर तिने मागे पाहिलं नाही. उन्हं कलली होती, लोक घरी निघाले होते, जोडपी, बाबागाड्या, सायकलीवर पुढे बसवलेली मुलं. अलीकडच्या फाटकाशी पुलाचा पहारेकरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. त्याने मघाशी दोघींना जाताना पाहिलं होतं. दिवे लागले की फाटक बंद होतं, असं तो सांगायला लागला. मग तिच्यामागे कोणी दिसेना म्हणून त्याने विचारलं, "तुमच्याबरोबरच्या आजी परत यायच्या आहेत ना? की त्यांना यायचं नाही?"

ताईने तोंड उघडलं. उत्तर तिच्या जिभेवर होतं, एक नाही, दोन होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "त्या तिकडच्या बाकावर बसल्यात. तुम्ही जाऊन त्यांनाच विचारा."